विजया, गंजा व ओकसात्म्य : गांज्याच्या संवयीविषयींच्या साधनांचा विचार

१. प्रश्नाचें स्वरूप

गांज्याची संवय जडते किंवा नाहीं, आणि जडल्यास ती सोडणें कितपत कठीण आहे, हा प्रश्न सामान्यतः वैद्यांचा किंवा पोलिसांचा समजला जातो. इतिहाससंशोधकानें त्यांत पडावें याचें कारण असें कीं, या वादांतील दोन्ही पक्ष आपल्या मतास जुन्या पोथ्यांचा, कोशांचा आणि सरकारी दप्तरांचा आधार देतात; आणि आधार म्हणून जें पुढें केलें जातें तें तपासून पाहणें हें तर आपलेंच काम आहे.

प्रस्तुत लेखकास या शोधास प्रवृत्त करणारें निमित्त घरगुती आहे. नाशिक येथें मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याकडील रस्ता जेथें मिळतो त्या भागास द्वारका म्हणतात. तेथें लेखकाचें बिऱ्हाड आहे. गेल्या वर्षीं एक जुना विद्यार्थी भेटीस आला. वय चाळिशीच्या आंत, संसार व नोकरी दोन्ही चालू; परंतु बारा वर्षें रोज रात्रीं गांजा ओढण्याचा परिपाठ. दोन वेळां त्यानें तो एकदम सोडून पाहिला आणि दोन्ही वेळां आठ-दहा दिवसांत पुन्हा धरला. तो म्हणाला, “गुरुजी, आपल्या ग्रंथांत हिची स्तुति आहे, साधुलोक ती घेतात, इंग्रजांच्या कमिशननेंहि ती निरुपद्रवी ठरविली, मग मला ती सोडतां कां येत नाहीं?”

या वाक्यांत तीन विधानें व एक प्रश्न आहे. तीं तीन विधानें क्रमानें तपासून मग प्रश्नाकडे वळूं.

२. ग्रंथांची साक्ष व शब्दांचा घोटाळा

भंगा ही वनस्पति आपणांकडे प्राचीन काळापासून ज्ञात आहे यांत शंका नाहीं. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडांत, सोम ज्यांचा राजा अशा वनस्पतींच्या गणनेंत दर्भ व यव यांच्या बरोबर भंगाचें नांव येतें. पाणिनीनें पांचव्या अध्यायांत पिकांवरून शेतांचीं नांवें सिद्ध केलीं आहेत. तेथें तीळ, उडीद व जवस यांच्या पंक्तीस भंगा बसविली असून तिच्या शेतास भंग्य किंवा भांगीन म्हणावें असें सांगितलें आहे. अमरकोशांत मातुलानी हा भंगेचा पर्याय वैश्यवर्गांत, म्हणजे शेती व धान्यें यांच्या प्रकरणांत दिला आहे. या स्थळांवरून एवढेंच सिद्ध होतें कीं ही वनस्पति ओळखीची होती व शेतांत पेरली जात होती. ती नशेसाठीं घेत असत, असें यांपैकीं एकाहि स्थळावरून निघत नाहीं.

दुसरा शब्द गंजा. हा शब्द संस्कृतांत आढळला कीं गांज्याचें प्राचीनत्व सिद्ध झालें असें मानण्याची घाई पुष्कळदां होते. परंतु अमरकोशाच्या पुरवर्गांत गंजा म्हणजे मदिरागृह, दारूचा गुत्ता. फारसी गंज म्हणजे खजिना किंवा सांठा. उत्तरेकडील कित्येक बाजारपेठांच्या नांवांत तो आलेला आहे. म्हणून जुन्या लेखांत गंज किंवा गंजा हीं अक्षरें दिसलीं तर प्रकरण पाहिल्याखेरीज अर्थ ठरवूं नये. भंगा या अर्थीं गंजा शब्द स्पष्टपणें येतो तो भावमिश्राच्या भावप्रकाशासारख्या उत्तरकालीन निघंटूंत. भावमिश्राचा काळ सोळावें शतक मानतात. तेथें मातुलानी, मादिनी, विजया व जया हीं तिचीं इतर नांवें आहेत.

तिसरा व सर्वांत फसवा शब्द विजया. ज्या भावप्रकाशांत भंगेस विजया म्हटलें आहे, त्याच ग्रंथांत व त्याच हरीतक्यादि वर्गांत हरीतकीच्या, म्हणजे हिरड्याच्या, सात जाती सांगितल्या आहेत. त्यांतील पहिलीचें नांव विजयाच आहे. आपल्या संग्रहांतील वैद्यकाच्या बाडांत एखाद्या पाठांत विजया आढळल्यास सोबतचीं द्रव्यें, रोग आणि मात्रा हीं तिन्ही पाहावींत. बेहडा व आंवळा शेजारीं असतील तर तो बहुधा हिरडा होय. हा विवेक न केल्यास निरुपद्रवी चूर्णें भांगेच्या खात्यावर चढतात आणि भांगेची स्तुति अकारण वाढते.

आतां खरी भंगा जेथें निश्चित आहे तेथें ग्रंथकार काय सांगतात तें पाहूं. शार्ङ्गधरसंहितेंत व्यवायी द्रव्याचें लक्षण दिलें आहे: जें आधीं सर्व शरीर व्यापतें व मागाहून पचतें तें व्यवायी. त्याचीं उदाहरणें दोन, भंगा व अफू. भावप्रकाशांत भंगा पाचक व कफनाशक म्हटली आहे, पण त्याच दमांत ती मोह व मद वाढविणारी म्हटली आहे. यास स्तुति म्हणणें अयोग्य आहे. हें गुणकथन होय, आणि गुणकथन तर निघंटूंत बचनागासारख्या विषाचेंहि असतें. गुण सांगितला म्हणजे नित्य सेवनाची अनुज्ञा दिली असें होत नाहीं. पहिलें विधान येथें गळून पडतें.

३. साधूंची साक्ष व सेवनाचा मार्ग

दुसऱ्या विधानापूर्वीं एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. भांग म्हणजे पानें. गांजा म्हणजे मादी झाडाचे राळयुक्त तुरे. चरस म्हणजे सुटी केलेली राळ. उत्तम गांज्यासाठीं शेतांतील नर झाडें फुलण्यापूर्वींच उपटून टाकीत, कारण बीं धरल्यावर तुऱ्याची प्रत उतरते. मुंबई इलाख्यांत अहमदनगर जिल्हा या पिकासाठीं प्रसिद्ध होता. तिन्ही वस्तु एकाच झाडाच्या, पण तीव्रता वेगळी. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे पोटांत घेणें वेगळें व धूर ओढणें वेगळें.

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यांत राहत असे. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचीहि चिकित्सा त्यानें केली होती. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांतील भांगेच्या प्रकरणांत पानांची पूड सुपारी, साखर व सुगंधी द्रव्यें यांत मिसळून खाण्याचें वर्णन आहे. गुजराथच्या सुलतान बहादूरशहाविषयीं तो सांगतो कीं, रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान वा अरबस्तान पाहण्याची इच्छा झाल्यास थोडी भांग घेतली कीं काम होतें, असें तो सुलतान म्हणत असे. हें सर्व खाण्याचें वर्णन आहे, ओढण्याचें नव्हे.

धूमपानाचा विधि चरकानें सांगितला आहे हें खरें. पण तो औषधी वर्तीचा, आणि त्या वर्तींच्या द्रव्यांत भंगा नाहीं. तंबाखू दक्षिणेंत आल्यानंतर मात्र धूर ओढणें घरोघर पसरलें. अकबराचा वकील असद बेग यास सतराव्या शतकाच्या आरंभीं विजापुरांत तंबाखू आढळली व ती त्यानें बादशहापुढें नेली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. तुकोबांच्या गाथेंत मिळणाऱ्या एका अभंगांत ढोंगी संतांवर टीका करतांना तोंडांतील तंबाखूची नळी आणि भांग या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. तेव्हां साधूच्या हातांतील चिलीम ही अनादि परंपरा आहे असें धरून चालतां येत नाहीं. निदान येथल्या वारकरी संप्रदायाच्या एका महापुरुषाच्या नांवावर तिचा निषेधच मिळतो.

सिंहस्थांत रामकुंडावर व त्र्यंबकेश्वरीं कुशावर्तावर जे आखाडे येतात, त्यांतील कांहीं साधूंच्या धुनीपाशीं चिलीम फिरते, हें नाशिककरांस नवें नाहीं. परंतु आपल्या प्रश्नावर या साक्षीची किंमत काय? सोडणें कठीण आहे काय, हा प्रश्न आहे. जो सोडूंच पाहत नाहीं त्यास तें कठीण कीं सोपें हें कसें कळावें? रोज मिळणाऱ्या वस्तूची तलफ दिसत नाहीं. ती दिसते वस्तु तुटल्यावर. म्हणून साधूची साक्ष, ती कितीहि प्रामाणिक असली तरी, या मुद्द्यावर शून्य होय.

४. १८९३-९४ च्या कमिशनची साक्ष

तिसरें विधान कमिशनचें. १८९३ च्या मार्च महिन्यांत विल्यम केन या सभासदानें ब्रिटिश पार्लमेंटांत या विषयाच्या चौकशीची मागणी केली. त्यावरून हिंदुस्थान सरकारनें त्याच वर्षीं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. १,१९३ साक्षी झाल्या. १८९४ च्या अहवालाच्या सात भागांपैकीं सातव्यांत मुंबई इलाख्यांतील साक्षी आहेत. त्या मुळांतून वाचण्याजोग्या आहेत, कारण गांवोगांवच्या रीति, दर व शब्द त्यांत आले आहेत.

कमिशनचा निर्णय सामान्यतः अर्धाच सांगितला जातो. परिमित सेवनापासून बहुधा वाईट परिणाम होत नाहीं, हें त्याचें एक अंग; अतिसेवन अपायकारक आहे, हें दुसरें. सर्वस्वी बंदी नको, परवाने व कर यांनीं नियमन करावें, ही शिफारस या दोहोंच्या बेरजेंतून निघाली. निरुपद्रवी हा शब्द विद्यार्थ्यानें वापरला तो पहिल्या अंगावरून. आणि बारा वर्षें अखंड रोजचें सेवन परिमित म्हणावें काय, हा प्रश्न तो विसरला.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी कीं, ही संवय सहज जडते काय, सोडणें कठीण आहे काय, आणि परिमिताचें अतिसेवनांत रूपांतर होण्याकडे कल असतो काय, असे स्पष्ट प्रश्न कमिशननें साक्षीदारांस घातले होते. म्हणजे आपला प्रश्न तेव्हांच विचारला गेला होता. परंतु उत्तरें देणारे बहुशः अधिकारी, डॉक्टर, वकील, व्यापारी व पाद्री. त्यांचें ज्ञान दुसऱ्यास पाहून किंवा ऐकून झालेलें. स्वतः सोडूं पाहून ज्याची रात्र तळमळत गेली त्याचा आवाज या ढिगांत फार क्षीण आहे.

दप्तराचा आंधळा विश्वास उलट दिशेनेंहि किती घातक ठरतो, याचा धडा याच अहवालांत आहे. १८९२ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांच्या वेडाचें कारण नोंदवह्यांत गांजा-भांग असें लिहिलें होतें. कमिशननें एकेका रोग्याचें मूळ प्रकरण उकरून काढलें, तेव्हां ती संख्या ९८ वर आली. आणि त्यांतहि इतर कारणें मिसळलेलीं वगळतां ६१ उरले. रोग्यास आणणाऱ्या शिपायास कारणाचा रकाना भरावयाचा असे. गांजा हें सोयीचें उत्तर होतें. नोंद समकालीन आहे, सरकारी आहे, शिक्क्याची आहे, एवढ्यावरून ती खरी ठरत नाहीं, हें आपणां संशोधकांस याहून चांगलें कोण शिकवील?

५. सोडणाऱ्याची साक्ष

यापुढील साधनें अलीकडचीं असलीं तरी तीं टाळून चालणार नाहीं, कारण सोडणाऱ्याची साक्ष पद्धतशीरपणें नोंदली गेली ती अलीकडेच. गांज्यांतील मुख्य मादक द्रव्य १९६४ सालीं इस्राएलमध्यें गाओनी व मेखुलाम यांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. तें मेंदूंत ज्या ठिकाणीं लागू पडतें तें स्थान १९८८ सालीं सांपडलें. १९९२ सालीं मेंदू स्वतःच त्या स्थानासाठीं एक द्रव्य तयार करतो असें आढळून आलें, आणि शोधकांनीं त्याचें नांव आपल्या आनंद या शब्दावरून आनंदामाइड असें ठेविलें. रोज बाहेरून पुरवठा होऊं लागला म्हणजे हीं स्थानें मंदावतात. पुरवठा थांबला कीं तीं पूर्ववत् होण्यास कांहीं दिवस ते कांहीं आठवडे लागतात. तेवढा काळ मनुष्य अस्वस्थ असतो. विद्यार्थ्याच्या आठ-दहा दिवसांचें रहस्य हें आहे.

अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ च्या आपल्या निदानग्रंथांत गांजा सोडल्यानंतरच्या लक्षणांस स्वतंत्र स्थान दिलें: चिडखोरपणा, चिंता, झोंप न लागणें, अन्नावरील वासना जाणें, बेचैनी व खिन्नता. तीं बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यांत शिगेस पोंचतात व सुमारें दोन आठवड्यांत ओसरतात. झोंपेची तक्रार मात्र त्यापुढेंहि रेंगाळते. अफूच्या त्यागांतील यातना किंवा दारूच्या त्यागांतील प्राणसंकट येथें सहसा नसतें. म्हणूनच पाहणाऱ्यास ही संवय क्षुल्लक वाटते व सोडणाऱ्यास आपणच दुबळे असें वाटतें.

संवय सर्वांसच जडते असेंहि नाहीं. १९९४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीप्रमाणें, गांजा कधीं तरी घेतलेल्यांपैकीं शेंकडा ९ जण पुढें त्याच्या अधीन झाले; दारूच्या बाबतींत हें प्रमाण १५ व तंबाखूच्या बाबतींत ३२ होतें. कोंवळ्या वयांत आरंभ केलेल्यांत मात्र गांज्याचेंहि प्रमाण सहांत एकाच्या आसपास जातें. आपल्या देशांत केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यानें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेकडून पाहणी करविली व तिचा अहवाल २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणें भांग, गांजा वा चरस वर्षभरांत घेणारे सुमारें ३.१ कोटि, आणि त्यापायीं ज्यांस मदतीची गरज आहे असे सुमारें ७२ लक्ष. भांग घेणारे संख्येनें अधिक. परंतु अधीनतेचें प्रमाण गांजा-चरस घेणाऱ्यांत अधिक. भांग व गांजा, खाणें व ओढणें, हा जो भेद वर केला तो या आंकड्यांनीं दृढ होतो.

६. ओकसात्म्य व पादांशक्रम

आतां मूळ प्रश्न: सुटत कां नाहीं, व कसें सुटावें? आपल्या ग्रंथांत याचें उत्तर शोधणारे भंगेचें प्रकरण उघडतात व निराश होतात. प्रकरण चुकीचें उघडलें जातें. उत्तर द्रव्याच्या नांवाखालीं नसून संवयीच्या विचारांत आहे, आणि त्या विचाराचा पारिभाषिक शब्द सात्म्य.

अभ्यासानें जें मानवूं लागतें त्यास चरकानें ओकसात्म्य म्हटलें आहे. विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायांत पिंपळी, क्षार व मीठ यांच्या अतिसेवनाचा विचार आहे. तेथें चरक एकेका प्रदेशाच्या संवयी नोंदवितो. बाल्हिक, सौराष्ट्र, सिंधु व सौवीर देशांतील लोक दुधाबरोबरहि मीठ खातात असें सांगून, अशांस त्या संवयीपासून क्रमाक्रमानेंच दूर करणें श्रेयस्कर, असा निर्णय देतो. मीठ कांहीं मादक द्रव्य नव्हे. तरीहि संवय म्हटली कीं ती एकाएकीं तोडूं नये, हा नियम त्यास लागू केला आहे. वाग्भटानेंहि अष्टांगहृदयांत मानवलेली वस्तु अकस्मात् सोडल्यानें व न मानवलेली अकस्मात् धरल्यानें रोग होतात असें बजाविलें आहे.

सोडण्याची रीति चरकाच्या सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायांत आहे. अंगवळणी पडलेलें अहित एक-एक पाद, म्हणजे चौथाई, कमी करावें व तेवढ्याच प्रमाणांत हितकर वस्तूची भर घालावी. पायऱ्यांमध्यें प्रथम एक, मग दोन, मग तीन दिवसांचें अंतर ठेवावें. दिवसांच्या गणनेविषयीं टीकाकारांनीं ऊहापोह केला आहे. पण तत्त्व स्पष्ट आहे. केवळ काढून घेणें नव्हे, रिकाम्या जागीं कांहीं तरी ठेवणें हा त्याचा अर्धा भाग आहे. मदात्ययाच्या चिकित्सेंत चरक आणखी एक सूचना देतो: मद्य सुटलेला मनुष्य पुन्हा एकदम अति पिऊं लागला तर ध्वंसक व विक्षय असे दोन दारुण विकार होतात. सोडणें ही एक घटना आणि सुटलेलें राखणें ही दुसरी, हें ग्रंथकारांस ठाऊक होतें.

चरकानें हा क्रम गांज्यासाठीं सांगितला असें येथें म्हणावयाचें नाहीं. तसें म्हणणें म्हणजे विजयेचा हिरडा करण्याइतकीच चूक होईल. म्हणणें इतकेंच कीं, संवयीचा बंध व द्रव्याची मादकता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा विवेक आपल्या वैद्यकांत होता. आणि १८९३ पासूनच्या वादांत तोच हरवला. एका पक्षानें गांजा वेड लावीत नाहीं असें दाखवून तो बांधीत नाहीं असें मानलें. दुसऱ्यानें तो बांधतो म्हणून प्रत्येक वेड त्याच्या माथीं मारलें.

७. उपसंहार

कौटिल्यानें आठव्या अधिकरणांत व्यसनाची व्युत्पत्ति दिली आहे: मनुष्यास त्याच्या श्रेयापासून जें दूर फेंकतें तें व्यसन. या कसोटीस द्रव्याचें नांव लागत नाहीं, वेड लागावें लागत नाहीं; मनुष्य कोठें होता व कोठें जाऊन पडला एवढेंच पाहावें लागतें. विद्यार्थ्यास हेंच सांगितलें. त्यानें हिशोब केला: मुलाचा अभ्यास घ्यावयाची वेळ तीच चिलीमीची वेळ होती.

त्यानें चौथाईचा क्रम धरला व रिकाम्या वेळीं मुलास जवळ घेऊन बसूं लागला. तीन पाद सुटले; शेवटचा पाद सुटेना, झोंप नाहींशी झाली. तेव्हां त्यास मानसरोगतज्ज्ञाकडे पाठविलें, आणि तें आधींच करावयास हवें होतें असें आतां वाटतें. या संवयीवर सर्वमान्य असें एखादें औषध अद्याप ठरलेलें नाहीं; समुपदेशन व नियमित भेटी यांचाच मुख्य आधार असतो. दप्तराची भीति बाळगून कित्येक जण तेथवर जात नाहींत, म्हणून हेंहि नमूद करणें अवश्य आहे कीं, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यांत ६४-अ हें कलम आहे. अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत अडकलेला व्यसनी स्वेच्छेनें मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेऊन तो पुरा करील, तर त्यास खटल्यापासून संरक्षण मिळूं शकतें. मध्यंतरीं एकदां तो घसरला. पुन्हा उभा राहिला. हें लिहितांना त्यास सात महिने झाले आहेत. सात महिने म्हणजे सिद्धि नव्हे, हें तो जाणतो.

संग्राहकांस एक विनंति आहे. वैद्यकाच्या बाडांत, रोजकीर्दींत वा खाजगी पत्रांत अफू, भांग, गांजा वा तंबाखू सोडल्याचा, सोडूं पाहिल्याचा, पुन्हा धरल्याचा उल्लेख आढळल्यास तो किरकोळ म्हणून टाकूं नये. नक्कल करून ठेवावी. घेणाऱ्यांचीं व निंदणाऱ्यांचीं साधनें विपुल आहेत, सोडणाऱ्यांचीं दुर्मिळ. सातव्या अध्यायांतील त्या प्रकरणाच्या शेवटीं चरक म्हणतो कीं, क्रमानें घालविलेले दोष पुन्हा उद्भवत नाहींत व क्रमानें मिळविलेले गुण ढळत नाहींत. हें विधान किती जणांच्या बाबतींत खरें ठरलें, हें त्या दुर्मिळ कागदांवरूनच कळेल.